सातवीच्या पुढची पायरी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, विणकामाचे नमुने आणि हळदीकुंकवाचा वृत्तांत येतो. यंदा चिटणीसबाईंनी मला सांगितले, ‘तुम्ही इंग्रजीच्या वर्गाबद्दल लिहा.’ मला लिहिण्याची सवय नाही. शिक्षण म्हणाल तर सातवी. गेल्या खेपेस १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले आणि इंग्रजीत २२ गुण मिळवून नापास झाले. ही बातमी शुक्रवार पेठेत माझ्या आधी घरी पोचली होती, तेव्हा आता लपविण्यासारखे काही उरलेले नाही.

निकालानंतर आठ दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. मग मनात एक विचार आला. आमच्या घरात आजेसासूबाई सातवी, सासूबाई सातवी आणि मीही सातवी. तीन पिढ्या एकाच पायरीवर येऊन थांबल्या. तिघींचीही बुद्धी नेमकी तेथेच संपली, असे कसे होईल? वाचनालयातून जुनी पुस्तके, चरित्रे आणून वाचू लागले, तेव्हा या पायरीचा इतिहास थोडाथोडा उलगडला. तोच आज आपल्यापुढे ठेवते.

आजेसासूबाई मोठ्या अभिमानाने सांगत, ‘मी फायनल झाले आहे.’ फायनल म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, जिला व्हर्नाक्युलर फायनल म्हणत. त्या काळी मराठी चौथी झाली की वाट दुभंगत असे. एक वाट मराठी पाचवी, सहावी, सातवी अशी जाऊन फायनलला संपे. ती परीक्षा उतरलेला माणूस प्राथमिक शाळेत मास्तर होई. दुसरी वाट इंग्रजी शाळेची. तेथे पुन्हा इंग्रजी पहिलीपासून आरंभ होऊन इंग्रजी सातवीला मॅट्रिकची परीक्षा येई. म्हणजे सातव्या दोन होत्या. मराठी सातवीच्या पुढे भिंत होती आणि इंग्रजी सातवीच्या पुढे कॉलेज, वकिली, डॉक्टरी, कचेरी अशी सारी दारे होती. घरात मुलगा इंग्रजी शाळेत जाई आणि मुलगी, शिकलीच तर, मराठी शाळेत. फी परवडत नसली की कोणाला कोठे घालायचे, हे विचारावेही लागत नसे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. त्या पहिल्या परीक्षेत उतरलेल्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघे होते. इंग्रजीवाचून त्या परीक्षेत पाऊल टाकता येत नव्हते. स्त्रियांना या विद्यापीठाचे दार १८८३ साली उघडले. मधली चोवीस वर्षे परीक्षा होती, पण आपल्याकरिता नव्हती.

तरीही आपल्या आधीच्या बाया इंग्रजी शिकल्या. कोठे? बहुतेक घरी, आणि बहुतेक लग्नानंतर.

१८७३ साली अकरा वर्षांच्या रमाबाई रानड्यांच्या घरी लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पहिल्या मॅट्रिकच्या परीक्षेत उतरलेल्या नवऱ्याने घरातच पाटी हाती दिली. मराठी झाल्यावर इंग्रजी सुरू झाले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचले नाही. मड्डमबाई शिकवून गेल्या की विटाळ झाला म्हणून रमाबाईंना आंघोळ करावी लागे. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून जरा वेळ बसले. आपल्याला कोणी आंघोळ करायला लावत नाही, फक्त ‘आता या वयात?’ एवढे विचारतात, आणि आपण तेवढ्यानेच वही बंद करतो! पुढे पुण्यात मुलींसाठी हायस्कूल व्हावे म्हणून रमाबाईंनी भर सभेत इंग्रजीतून निवेदन वाचले. ते हायस्कूल १८८४ साली निघाले. तीच आजची हुजूरपागा. घरात चोरून गिरवलेल्या अक्षरांनी कितीतरी मुलींची वाट मोकळी झाली.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचेही असेच. गोपाळरावांनी शिकविले, शिस्त फार कडक. पण १८८३ साली अमेरिकेस निघण्यापूर्वी बंगालमध्ये श्रीरामपूर येथे, आपण परदेशी का जातो, हे त्यांनी इंग्रजीत भाषण करून सांगितले. वयाची अठरा वर्षेही तेव्हा पुरी झाली नव्हती. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ साली, बाविसाव्या वर्षाच्या आतच, गेल्या.

मात्र या दोघींना शिकविणारे नवरे होते. ज्यांना तसे कोणी नव्हते, त्यांचे काय? म्हणून मला सर्वांत जवळच्या वाटतात त्या पार्वतीबाई आठवले. जन्म १८७० चा, देवरुखचा. विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरी मूल. महर्षी कर्वे त्यांचे मेहुणे. त्यांच्या आश्रमात येऊन पार्वतीबाई मोठेपणी शिकल्या, आणि पुढे आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. इंग्रजी येत नाही याची खंत होतीच. ती घालविण्यासाठी १९१८ साली, पन्नाशी दोन वर्षांवर असताना, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. हाती पैसा नव्हता. तेथे परक्या घरी कामवाली म्हणून राबल्या. भांडी घासली, केर काढला, आणि ते करताकरता इंग्रजी शिकल्या. भगिनींनो, भांडी आपण रोजच घासतो. त्यांच्यात आणि आपल्यात फरक एवढाच, की त्या घासताना शब्द जोडत होत्या.

पुढे मोठ्या बायकांना शिकण्यासाठी संस्था निघाल्या. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले, आणि त्याची शाखा आपल्या सोलापुरात आली. ज्यांना घरकामामुळे वेळेवर शाळा लाभली नाही, अशा प्रौढ बायकांना हाताशी धरणे हेच सेवासदनाचे पहिल्यापासूनचे काम. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. तेथे शिकवणे मराठीतून, पण इंग्रजी हा विषय ठेवलेला. मातृभाषेत समजून घ्या आणि इंग्रजीही शिका, असा तो सरळ विचार होता. दोन वाटा एकत्र आणण्याचा तो मोठा प्रयत्न म्हणावा लागेल.

परीक्षेचे रूपही बदलत गेले. मॅट्रिक जाऊन १९४९ पासून एस. एस. सी. आली. ती आधी अकरावीला होती, १९७५ पासून दहावीला झाली. स्वातंत्र्यानंतर काही वर्षे इंग्रजी आठवीपासून शिकवीत. आमच्या वेळी पाचवीपासून होते, आणि २००० सालापासून पहिलीपासून झाले. आज ज्याची शाळा सुटली त्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. जुनी भिंत आता कागदावर कोठेच नाही.

मग ती आपल्या मनात का आहे, ते सांगते.

मी सातवीत असताना वडिलांची गिरणी बंद पडली. धाकटा भाऊ शाळेत राहिला आणि मी घरी बसले. कोणी जबरदस्ती केली नाही, मीच दप्तर उचलून माळ्यावर ठेवले. पुढे लग्न झाले, मुलगी झाली, तिला इंग्रजी शाळेत घातले. ती चौथीत असताना शाळेतून एक छापील चिठ्ठी आली. नळदुर्गच्या किल्ल्याला सहल होती. खाली ‘यस’ आणि ‘नो’ असे दोन शब्द, आणि त्याखाली एक ओळ. ‘यस’ मला येत होते. मी त्यावर ठळक रेघ मारली, सही केली आणि चिठ्ठी दप्तरात ठेवली. खालची ओळ होती, ‘जे लागू नसेल ते खोडा.’ म्हणजे मी स्वतःच्या हाताने होकार खोडला होता. सहलीच्या दिवशी डबा भरून पोरीला शाळेत सोडायला गेले, तर यादीत तिचे नाव नाही. बस निघून गेली. परत येताना ती रडली नाही. एवढेच म्हणाली, ‘आई, तू मला विचारायचंस ना.’ यात शाळेची चूक नव्हती. पण त्या दिवसापासून मला कोणताही इंग्रजी कागद पाहिला की घाम फुटू लागला. मी ‘चष्मा घरी राहिला’ म्हणू लागले. ही सबब आपल्यापैकी किती जणींच्या ओठावर आहे, हे मला पक्के ठाऊक आहे.

म्हणून दहावीला बसले. नापास का झाले, तेही शोधून काढले. मी पाठ करीत होते, समजून घेत नव्हते. मराठीत आपण ‘राम आंबा खातो’ म्हणतो, क्रियापद शेवटी. इंग्रजीत ‘राम ईट्स अ मँगो’, म्हणजे क्रियापद मधे येऊन बसते. मी प्रत्येक वाक्यात ते शेवटी नेऊन ठेवी. जुन्या पिढ्यांनी द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली, ती याच कारणासाठी. मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी, असे शेकडो वेळा केले की हाताला वळण लागते. पोळी लाटण्यासारखेच ते आहे. पहिल्या दहा पोळ्या नकाशाच होतात.

आणखी एक गंमत सांगते. मराठीत ‘मी जातो’ की ‘मी जाते’, यावरून बोलणारा पुरुष की बाई हे कळते. इंग्रजीत दोघांनाही ‘आय गो’. व्याकरणात तरी बाईमाणूस वेगळे काढलेले नाही! फक्त तिसरा कोणी एकटा असला, मग तो ‘ही’ असो की ‘शी’, तर आज-रोजच्या गोष्टी सांगताना क्रियापदाला ‘स’ लागतो. ‘आय गो, शी गोज.’ हा एक ‘स’ विसरल्यामुळे माझे किती गुण गेले असतील!

शब्दांची भीती तर मुळीच नको. आपले गाव पाहा. १८६० साली आगगाडी आली, १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, आणि त्यांच्याबरोबर इंग्रजी शब्द आपल्या गल्ल्यांत शिरले. स्टेशन, सिग्नल, बॉबिन, लूम, वार्पिंग, शिफ्ट हे शब्द आपल्या आज्यांनी शाळेत न जाता वापरले. आपल्या पेठांत एकाच नळावर मराठी, तेलुगू आणि कानडी ऐकू येते. आपल्यापैकी कितीतरी जणींना तिन्ही समजतात, आणि त्यातील दोन कोणत्याही पुस्तकाविना आलेल्या आहेत. तीन भाषा पेलणाऱ्या बाईला चौथी जड जाईल, हे मला पटत नाही.

आता वर्गाविषयी. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन वाजता आम्ही पाच जणी मंडळाच्या खोलीत बसतो. माझी तीच मुलगी आता कॉलेजात आहे, ती शिकवते. आरंभीची पंधरा मिनिटे दहा वाक्यांचे भाषांतर. मग पाच नवे शब्द, आणि ते घरात सापडतील असेच. टॉवेलवरची पट्टी, औषधाची बाटली, विजेचे बिल, यांवरचे शब्द आम्ही वहीत उतरवून आणतो. सोलापुरी टॉवेल आपण पिढ्यानुपिढ्या वापरतो, पण त्याच्या पट्टीवर वेगळा धुवा असे लिहिलेले असते, हे मला या वर्षी कळले. शेवटी एक उतारा. त्याची युक्ती अशी, की आधी खालचे प्रश्न वाचावेत आणि मग उतारा. बहुतेक उत्तरे त्या उताऱ्यातच दडलेली असतात. एखादा शब्द अडला तरी थांबू नये, पुढचे वाक्य पुष्कळदा त्याचा अर्थ सांगून जाते. आणि मोठ्याने वाचावे. पहिले काही दिवस आम्ही दार लावून वाचीत होतो. आता दार उघडे असते.

मी येत्या परीक्षेला पुन्हा बसणार आहे. उत्तीर्ण होईन की नाही, ते सांगता येत नाही. पण माळ्यावरचे दप्तर खाली आले आहे. आजेसासूबाईंची फायनल ही त्या काळातली मोठी मजल होती, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्याला जेथवर आणले, तेथून पुढची पायरी आपण चढायची, इतकेच.

मागच्या गल्लीतल्या अक्का, समोरच्या वहिनी आणि ज्यांचा चष्मा नेहमी घरी राहतो त्या सर्वांना आग्रहाचे सांगणे, की या मंगळवारी जरूर यावे. येताना शंभर पानी वही आणि पेन्सिल आणावी. खोडरबर मी आणून ठेवला आहे.