संकटकाळात सुटलेली बिडी पुन्हा हाती येऊ नये म्हणून

३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन. यवतमाळ जिल्ह्यात तो वर्षातील सर्वांत ओढाताणीच्या दिवसांत येतो. मृग नक्षत्र तोंडावर आलेले असते, बियाणे आणि खतांची जुळवाजुळव करायची असते, पीककर्जासाठी बँकेत खेटे चाललेले असतात आणि उन्हाळ्यातील लग्नांचा खर्च नुकताच अंगावर पडलेला असतो. अशा दिवसांत तंबाखू सोडण्याची शपथ घेणे सोपे, पण पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की ती पाळणे कठीण. म्हणूनच बिडी-सिगारेट कशी सोडावी याइतकाच, सोडलेली बिडी घरावर संकट आले असताना पुन्हा हाती कशी येऊ देऊ नये, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

ताणाने तलफ की तलफेने ताण?

‘डोक्याला ताप झाला की एक बिडी ओढावी, जरा शांत वाटते,’ असे प्रत्येक धूम्रपान करणारा सांगतो. त्याला शांत वाटते हे खरे, परंतु त्याचे कारण वेगळे असते. धुरातील निकोटीन अवघ्या काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि सुखद जाणीव निर्माण करणारी रसायने तेथे पाझरू लागतात. सुमारे दोन तासांत रक्तातील निकोटीन निम्म्यावर येते. मग अस्वस्थता, चिडचीड आणि बेचैनी सुरू होते. पुढची बिडी ही बेचैनी शमवते आणि ओढणाऱ्यास वाटते की आपला ताण गेला. वस्तुतः जो ताण मागच्या बिडीने निर्माण केला, तोच पुढच्या बिडीने तात्पुरता घालवलेला असतो. सावकाराचे देणे, मुलीचे लग्न, म्हाताऱ्या आईचे आजारपण हे सारे जेथल्या तेथेच राहते.

ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात २०१४ मध्ये या विषयावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान सुरू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत ते सोडणाऱ्यांमध्ये चिंता, नैराश्य आणि ताण कमी झाल्याचे त्यात दिसून आले. पहिले दोन-तीन आठवडे त्रासाचे असतात, पण ते पार पडल्यावर मन पूर्वीपेक्षा अधिक स्थिर होते, हे ध्यानात ठेवावे.

बिडी सुटली, खर्रा लागला

आपल्या भागात या प्रश्नाला एक वेगळी बाजू आहे. २०१६-१७ मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करतात. त्यांत धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू खाणारे वा लावणारे २४.४ टक्के आहेत. विदर्भात याचा अर्थ प्रामुख्याने खर्रा, घोटलेली तंबाखू आणि स्त्रियांमध्ये दातांना लावला जाणारा गुडाखू असा होतो.

त्यामुळे यवतमाळ, पुसद वा वणीकडे बिडी सोडणारा माणूस अनेकदा नकळत खर्ऱ्याकडे वळतो. धूर नाही, घरात कोणाला त्रास नाही, अशी तो मनाची समजूत घालतो. ही समजूत घातक आहे. खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेले असतात. त्यातही निकोटीन असतेच, म्हणजे व्यसन कायम राहते. शिवाय सुपारी स्वतःच कर्करोगास कारणीभूत ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. सुपारीमुळे तोंडातील आतील त्वचा ताठर होत जाते, तोंड उघडेनासे होते, तिखट सोसवत नाही. पुढे याच जागी कर्करोग होण्याची भीती असते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. परंतु कायद्याने वस्तू बंद झाली तरी सवय आपोआप बंद होत नाही.

‘बिडी म्हणजे पानाची, सिगारेटपेक्षा बरी,’ हाही असाच एक गैरसमज. तेंदूपानातून हवा सहज खेळत नसल्यामुळे बिडी विझू नये म्हणून ती वारंवार आणि जोराने ओढावी लागते. परिणामी तंबाखू कमी असूनही बिडीतून निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा अधिक प्रमाणात शरीरात जातात.

घरातील धोक्याचे प्रसंग

सोडलेले व्यसन पुन्हा का लागते, याचा अभ्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लाट यांनी केला. मनाची खिन्न वा संतप्त अवस्था, घरातील वा बाहेरील भांडण आणि सोबत्यांचा आग्रह ही तीन कारणे त्यांनी प्रमुख मानली. आपल्याकडील कुटुंबात ही कारणे पुढील प्रसंगी हमखास एकत्र येतात.

- घरातील मृत्यू. रात्रभर ओट्यावर बसलेली माणसे सांत्वन म्हणून बिडीचा कट्टा पुढे करतात. तेरवीपर्यंतचे दिवस सर्वांत जोखमीचे असतात.
- दवाखान्यातील मुक्काम. यवतमाळ, सेवाग्राम वा नागपूरला रुग्णासोबत गेलेल्या माणसाला काही काम नसते, झोप नसते आणि फाटकाबाहेर पानठेला असतो.
- लग्नकार्य. आनंदाचा प्रसंग असला तरी पैशाची चिंता, पाहुण्यांची ऊठबस आणि पानसुपारीचे तबक हे सारे एकाच मांडवात असते.
- वाटणी, शेताच्या धुऱ्याचा तंटा, भावाभावांतील बोलाचाली.
- नापिकी, बोंडअळी, कापसाचा उतरलेला भाव आणि कर्जाची नोटीस.

यांपैकी कोणता प्रसंग आपल्या घरी येत्या वर्षात येण्याची शक्यता आहे, हे आधीच हेरून ठेवावे. मुलीचे लग्न ठरले असेल, वडील आजारी असतील, तर त्या दिवसांत आपण काय करणार हे पत्नीला किंवा विश्वासातील मित्राला सांगून ठेवावे. बेसावध क्षणी मोडणारा निश्चय पूर्वतयारीने टिकतो.

तलफ आली असता

तलफ कितीही तीव्र असली तरी ती काही मिनिटेच टिकते. ती लाटेसारखी चढते आणि ओसरते. तेवढी मिनिटे काढणे हीच खरी युक्ती. त्यासाठी चार साध्या गोष्टी कराव्यात.

१. थांबावे. ‘ओढणार नाही’ असे न म्हणता ‘दहा मिनिटांनी बघू’ असे स्वतःला सांगावे.
२. दीर्घ श्वास घ्यावा. बिडी ओढणारा नकळत खोल श्वास घेत असतो. तेच धुराविना आठ-दहा वेळा करावे.
३. गार पाणी घोटघोट प्यावे.
४. हात आणि तोंड गुंतवावे. भाजलेले जवस, बडीशेप, फुटाणे, लवंग किंवा ज्वारीच्या लाह्या खिशात ठेवाव्यात. सुपारी मात्र नको.

याखेरीज जागा बदलणे हा उत्तम उपाय आहे. भांडण पेटले की पानठेल्याच्या दिशेने न जाता शेताकडे किंवा देवळाकडे चालू लागावे. भूक, थकवा आणि जागरण यांनी तलफ बळावते. म्हणून दवाखान्यातील मुक्कामातही आळीपाळीने झोप घेण्याची व्यवस्था करावी. दारूपासून तर कटाक्षाने दूर राहावे. प्यालेला माणूस तंबाखूला नाही म्हणू शकत नाही.

फवारणीच्या दिवसांत विशेष काळजी

२०१७ च्या खरीप हंगामात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यातील अनेक शेतकरी आणि शेतमजुरांना प्राण गमवावे लागले. कित्येक शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. या घटनेनंतर मास्क, हातमोजे आणि वाऱ्याची दिशा यांविषयी पुष्कळ सांगितले गेले. परंतु फवारणीच्या मध्यंतरात न धुतलेल्या हातांनी पेटवलेली बिडी किंवा तळहातावर मळलेली तंबाखू हीसुद्धा विष तोंडावाटे शरीरात जाण्याची वाट आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ पिकाच्या चिंतेचाही असतो आणि फवारणीचाही. या दिवसांत तंबाखूपासून दूर राहणे म्हणजे दोन विषांपासून एकाच वेळी दूर राहणे होय.

घरच्या माणसांची भूमिका

तंबाखू सोडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत त्रास सर्वाधिक असतो. चिडचीड, झोपमोड, डोके दुखणे, कामात लक्ष न लागणे अशी लक्षणे दिसतात. ती दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. नेमक्या याच काळात घरातील माणूस वैतागून म्हणतो, ‘ओढा एकदाची, पण घरात आदळआपट करू नका.’ हे वाक्य प्रेमापोटी येते, परंतु महिनाभराची कमाई घालवते. ही आदळआपट माणसाची नसून सुटणाऱ्या निकोटीनची आहे आणि ती थोड्याच दिवसांची पाहुणी आहे, हे घरच्यांनी समजून घ्यावे.

टोमणे मारणे, खिसे तपासणे, पाहुण्यांदेखत अपमान करणे यांचा उपयोग होत नाही. त्याऐवजी घरातून बिडीचे कट्टे, काडेपेट्या आणि चुन्याची डबी हलवावी. येणाऱ्या पाहुण्यांना अंगणातही धूर न काढण्याची विनंती करावी. घरात दुसरा कोणी ओढणारा असेल तर त्याने निदान या माणसासमोर ओढू नये. घरात तान्हे बाळ, गरोदर स्त्री किंवा दम्याचा वा क्षयाचा रुग्ण असेल तर इतरांचा धूर त्यांनाही बाधतो. नातवाला मांडीवर घेण्यासाठी बिडी सोडणारे आजोबा अनेक गावांत दिसतात. अशा कारणांची आठवण वेळोवेळी द्यावी.

वाचलेला पैसा डोळ्यांना दिसेल असाही ठेवावा. बिडी आणि खर्ऱ्यावर दिवसाला ५० रुपये जात असतील, तर वर्षाला १८,२५० रुपये होतात. ही रक्कम रोज एका डब्यात टाकली, तर पेरणीच्या वेळी ती बियाण्याच्या कामी येते.

औषधांची मदत

केवळ मनोबलावर विसंबून राहण्याचे कारण नाही. निकोटीनचे च्युइंगम किंवा पट्ट्या तलफेची तीव्रता कमी करतात. च्युइंगम नेहमीच्या गोळीप्रमाणे सतत चघळावयाचे नसते. चव झणझणीत लागेपर्यंत चावून ते गालात धरावे, चव ओसरली की पुन्हा चावावे. बुप्रोपियॉन आणि व्हॅरेनिक्लिन ही औषधे मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. गरोदर स्त्रिया आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी निकोटीनयुक्त उत्पादनांबाबतही आधी डॉक्टरांना विचारावे. ई-सिगारेट हा पर्याय नव्हे. भारतात २०१९ पासून तिच्या विक्रीवर बंदी आहे.

एखादी ओढली गेली तर

तेरवीच्या रात्री एक बिडी ओढली गेली, तर ‘आता व्रत मोडलेच, मग राहिले काय,’ असे म्हणून बहुतेक जण पूर्ववत ओढू लागतात. पाय घसरणे आणि खाली पडणे यांत फरक आहे. घसरलेला माणूस सावरू शकतो. त्या बिडीनंतरची दुसरी पेटवू नये, कट्टा जवळ असल्यास टाकून द्यावा आणि कोणत्या क्षणी, कोणासोबत, कशामुळे मोह झाला हे शांतपणे आठवावे. पुढच्या वेळची तयारी त्यातूनच होते. अनेकांना दोन-चार प्रयत्नांनंतर यश येते. आधीचा प्रयत्न वाया गेला असे मानू नये.

शरीर मात्र लगेच प्रतिसाद देऊ लागते. शेवटच्या बिडीनंतर वीस मिनिटांत हृदयाचे ठोके उतरू लागतात. रक्तातील कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत नेहमीच्या पातळीवर येतो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारे निम्म्यावर येतो.

ताण तंबाखूपलीकडचा असेल तर

काही वेळा दुःख इतके खोल असते की केवळ तलफेवर उपाय करून भागत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, जेवण नाही, कशातच रस नाही, जगणे व्यर्थ वाटते, अशी अवस्था असेल तर तो आजार आहे, दुबळेपणा नव्हे. त्यावर उपचार आहेत. शेतकरी कुटुंबांतील असा ताण ओळखण्यासाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये यवतमाळसह विदर्भ व मराठवाड्यातील जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला आणि आशा स्वयंसेविकांना त्यात सामावून घेतले. गावातील आशाताईंशी बोलणे हे मदतीचे पहिले पाऊल ठरू शकते. घरातील कोणी निरवानिरवीची भाषा करत असेल, तर त्यास एकटे सोडू नये आणि विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

मदत कोठे मिळेल?

- राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा : १८००-११-२३५६ (विनाशुल्क). हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरही छापलेला असतो.
- टेली-मानस, मानसिक आरोग्य सल्ला : १४४१६ (विनाशुल्क, चोवीस तास). २०२२ पासून सुरू असलेल्या या सेवेत मराठीतून बोलता येते.
- आरोग्यविषयक सल्ला : १०४.
- जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालय, तसेच यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. तेथे मानसोपचार किंवा दंतचिकित्सा विभागात तंबाखूमुक्तीच्या समुपदेशनाबाबत चौकशी करावी.

पाऊस, भाव आणि आजारपण आपल्या हातात नसते. संकटाच्या घटकेला हातात काय धरायचे, एवढे मात्र आपल्या हातात असते. घरातील जी माणसे आपल्या भरवशावर आहेत, त्यांना या काळात आपले शरीर धडधाकट हवे आहे. खिशात बिडीचा कट्टा नसला तरी त्यांचे काही अडत नाही.