हवेतलं गायरान

मंडळी, हल्ली नात्यातल्या कुणाकडेही जा, नांदेडला असो की लातूरला, एक प्रश्न हमखास निघतो. घरातलं वायफाय मागच्या कोठ्यापर्यंत कसं न्यायचं? जनावरं कमी झाली, कोठा रिकामा झाला, त्याला चुना-रंग देऊन तिथं नातवंडांची अभ्यासाची खोली केली. २०२० साली शाळा मोबाईलवर भरू लागली आणि त्या पन्नास-साठ फुटांना एकदम महत्त्व आलं. तरुण मंडळी यंत्रांची नावं भराभर सांगतात. माझ्यातल्या मास्तराला मात्र दुसराच प्रश्न पडतो. आपल्याच अंगणातून बिनतारी लहर पाठवायची मुभा आपल्याला मिळाली कधी? कारण ती पूर्वी नव्हती, बरं का!

इंग्रजांनी १८८५ साली तारेचा कायदा केला. तार हा सरकारचा मक्ता ठरला. पुढे बिनतारी आली, तेव्हा १९३३ साली तिच्यासाठी वेगळा कायदा झाला. त्यानुसार परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा! आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९४८ साली संस्थान भारतात आलं आणि पुढे हाच कायदा आपल्यालाही लागू झाला. माझ्या वयाच्या वाचकांना रेडिओचं लायसन आठवत असेल. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर नोंद करून घ्यायची. नुसतं ऐकण्यासाठी हे सगळं! ते लायसन १९८० च्या दशकात बंद झालं. ऐकण्याची मोकळीक मिळाली, पण बोलण्याची, म्हणजे लहर पाठवण्याची, अजून मिळायची होती.

त्याची सुरुवात सातासमुद्रापलीकडे झाली. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९८५ साली लहरींचे काही पट्टे ठराविक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरायला खुले केले. त्यातला एक २.४ गिगाहर्ट्झचा. स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यात चालते. त्यामुळे तिथं गोंगाट फार, आणि मोठ्या धेंडांना त्या पट्ट्याचं अप्रूप नव्हतं. थोडक्यात, पिकाच्या कामाची नाही म्हणून सोडलेली जमीन. त्याच जमिनीवर पुढे वायफाय उगवलं. १९९७ साली त्याचे पहिले नियम ठरले आणि १९९९ मध्ये हे नाव पडलं.

आपल्याकडे ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा एक मोठा निकाल आला. वाद होता क्रिकेटचे सामने दाखवण्याचा, पण न्यायालयाने सांगितलं ते त्याहून मोठं होतं. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ चा पट्टा परवान्यातून मोकळा केला. ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे मात्र तेव्हा मुख्यतः इमारतीच्या आत आणि एकाच सलग आवारात वापरायला मिळाले. म्हणजे वाड्यामागचा कोठा चालेल, पण रस्त्यापलीकडच्या शेतातला आखाडा नाही! ही अट ऑक्टोबर २०१८ मध्ये बऱ्याच अंशी सुटली आणि हे पट्टे उघड्यावरही खुले झाले. २०२३ साली तर १८८५ आणि १९३३ च्या दोन्ही कायद्यांच्या जागी नवा दूरसंचार कायदा संसदेने केला.

मोकळ्या हवेचा उपयोग काय, ते पालघर जिल्ह्यात दिसलं. मुंबईच्या आयआयटीने ग्राममार्ग या प्रकल्पात तिथल्या खेड्यांपर्यंत बिनतारी इंटरनेट नेलं. टीव्हीच्या रिकाम्या लहरी आधी वापरून पाहिल्या आणि पुढे ५.८ गिगाहर्ट्झचा मोकळा पट्टाही. २०१७ साली मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत या कामाला पहिलं बक्षीस मिळालं.

कायद्याची भिंत अशी हळूहळू पडली. मातीची मात्र उभी आहे. आपल्या माळवदाच्या घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद, दगडमातीच्या. त्यातून लहर जाता जाता थकते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच भिंती आणि माळवदं कोसळली आणि जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यानंतर माणसं छताखाली झोपायला धजेनात. अंगणाअंगणात पत्र्याची शेडं उभी राहिली आणि बावन्न गावं नव्या जागी, ऐसपैस वसवली गेली. ज्या पत्र्याने तेव्हा जीव सांभाळला, तोच आता लहर परतवून लावतो. धातूसमोर तिचं काही चालत नाही. कोठ्याला पत्रा ठोकला असेल तर घरातलं यंत्र कितीही भारी आणा, फरक थोडाच पडतो.

म्हणून सरळ उपाय सांगतो. जमेल तिथं पाइपात घालून वायर न्यावी आणि कोठ्यात दुसरं यंत्र बसवावं. तांब्याची वायर १०० मीटरपर्यंत चालते. पण आपल्याकडे वळवाच्या विजा फार, तेव्हा दोन इमारतींमध्ये धातू नसलेली काचेची तार, म्हणजे फायबर, अधिक बरी. मध्ये रस्ता किंवा शेत असेल तरच समोरासमोर दिसणाऱ्या दोन अँटेना लावाव्यात. मध्ये लिंब असेल तर पावसाळ्यात ओल्या पानांचीही अडचण होते, हे ध्यानात ठेवावं.

वायरीचा आग्रह एवढ्यासाठी की २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा जेमतेम तीन आहेत. लातूरच्या शिकवणीवाल्या गल्ल्यांत खोलीखोलीला एक राउटर! प्रत्येकाने आवाज चढवला तर कुणालाच ऐकू येणार नाही. गावाचं गायरान कुणा एकाचं नसतं, म्हणून सगळ्यांची गुरं तिथं चरतात. कुणी ओरबाडलं की ते उजाड होतं. नव्वद वर्षांपूर्वी जिला हात लावणं गुन्हा होता, ती ही हवा. आपल्याला लागेल तेवढीच घ्यावी. आणि परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या पोरालाही कोठ्यात येऊन बसू द्यावं.