शिंके आणि वाटी

गोव्यातील डिचोलीच्या जुन्या घरांतील स्वयंपाकघरे ज्यांनी बारकाईने पाहिली असतील, त्यांच्या ध्यानात हे आल्यावाचून राहिले नसेल की, चुलीच्या अंगाला वाशापासून लोंबणारे शिंके म्हणजे घरच्या गृहिणीने मार्जारजातीविरुद्ध उभारलेला एक लहानसा दुर्गच होता. गावच्या कुंभारांनी घडविलेली मडकी, त्यांतले विरजलेले दही, तळून ठेवलेला बांगडा, उद्याच्या हुमणासाठी राखलेले पेडवे, अशी सारी दौलत काथ्याच्या चार दोरांवर अधांतरी असे, आणि खाली शेपटी अंगाभोवती गुंडाळून बसलेला बोका दोर कुजण्याची वाट पाहत असे. शिंक्याचे तुटले आणि बोक्याचे फावले, ही म्हण अशाच घरांतून जन्मास आली. मांजराने खाऊ नये म्हणून ज्या घरांनी एवढी तजवीज केली, त्याच घरांतली नातवंडे आज मांजराला कापडी पिशवीत घालून पशुवैद्याच्या दारी येतात आणि काकुळतीने सांगतात, “डॉक्टर, तीन दिवस झाले, हिने तोंडाला काही लावले नाही.” शिंक्यापासून या पिशवीपर्यंतचा प्रवास कसा झाला हे समजून घ्यावयाचे, तर पशुचिकित्सेचे जुने दप्तर उघडावे लागते, आणि त्यातले एक पान खुद्द डिचोलीचे आहे.

हे दप्तर आरंभापासून उपयुक्ततेच्या शाईने लिहिलेले आहे. अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांप्रमाणेच पशूंच्याही चिकित्सेची व्यवस्था केल्याचे कोरून ठेविले हे खरे. तथापि पुढे जे शास्त्र वाढले, ते शालिहोत्राच्या नावाने अश्वाचे आणि पालकाप्याच्या नावाने गजाचे. शालिहोत्रावरूनच घोड्यांच्या वैद्याला ‘सालोत्री’ हे नाव पडले. पागेत घोडा दाखल झाला की त्याच्या वर्णाची व डागाची नोंद होई, नालबंदीचा खर्च लिहिला जाई, आणि घोडा पडला तर त्याचाही जाबसाल होई. मांजरीचा सारा नाही, चाकरी नाही, मोजदादही नाही. म्हणून तिचा वैद्यही नाही. पोर्तुगीज येथे आले तेव्हा त्यांच्या भाषेत अश्ववैद्यासाठी ‘अल्व्हेइतार’ हा शब्द होता, तो मूळचा अरबी ‘अल-बैतार’. म्हणजे मालक बदलले, भाषा बदलल्या, परंतु रोगी तोच राहिला. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधिसंवादांत हिंगाच्या प्रकरणी एक आख्यायिका दिली आहे. विजयनगरात एका पोर्तुगीजाच्या मोलाच्या घोड्याला वाताचा उपद्रव असल्यामुळे राजा तो विकत घेईना. मालकाने पिठात हिंग मिसळून चारला, घोडा बरा झाला, आणि राजाने चांगली किंमत मोजली. पशूच्या मुखात औषध घालण्यासाठी अन्नाचा आडोसा घेण्याची ही युक्ती आजही दवाखान्यात चालते. मात्र ओर्ताच्या कथेतील औषधाचा शेवट किमतीत होतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता डिचोलीचे पान. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शाहजादा अकबर संभाजीराजांच्या आश्रयास असता त्याचे वास्तव्य या भागात घडले, आणि येथील नमाजगाह त्याच्याच नावाशी जोडली जाते. १६८४ च्या जानेवारीत त्याचाच भाऊ शाहआलम मोठी फौज घेऊन कोकणात उतरला आणि त्याने डिचोलीची नासधूस केली. परंतु विजयी सैन्याच्या नशिबी पुढे जे आले, ते कोणा शत्रूच्या तलवारीने आलेले नव्हते. धान्य मिळेना, चारा मिळेना. माणसांना आणि घोड्यांना नारळ व कोद्रू यांवर दिवस काढावे लागले, आणि ते खाद्य विषासारखे बाधले, अशा आशयाचे वर्णन मोगल इतिहासकार खाफीखानाने केले आहे. रोगराई आणि उपासमार यांनी गांजलेली ती फौज रामघाटाच्या वाटेने परत फिरली, तेव्हा तिची असंख्य जनावरे मागे पडली होती. परमुलखातले अन्न जनावराला मानवत नाही, आणि उपाशी जनावरापुढे शाहजाद्याचे फर्मानही निष्फळ ठरते, हा धडा या भूमीने तेव्हा दिला. घोडी मेली म्हणून तो इतिहासात शिरला. त्याच महिन्यात जळक्या चुलींपाशी डिचोलीची मांजरे काय खाऊन जगली, हे कोणत्या बखरकाराने लिहावे?

इंग्रजी अमलात मुंबईस भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमावरून १८३२ साली दंगल उसळली, आणि दोन वर्षांनी तेथे पांजरपोळ उभी राहिली. तीत दया होती, शास्त्र यावयाचे होते. ते १८८६ मध्ये परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालयाच्या रूपाने आले. १८८९ साली पुण्यात जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली व पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. पण तिच्याही पुढचा मुख्य प्रश्न गुराढोरांचे कळपच्या कळप नेणारी बुळकांडी हाच होता. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर पशुसंवर्धन खाते आले, दवाखाने आले, दुभत्या जनावरांसाठी कामधेनू योजना आली. गाईला तर येथे स्वतःचा सण आहे: दिवाळीत गोरवांच्या पाडव्याला तिला माळा घालून गोडधोड चारतात. कुत्र्याला निदान रेबीजच्या भयाने सरकारी नोंदवहीत जागा मिळाली. मांजर मात्र पशुवैद्याच्या टेबलावर आली ती सर्वांच्या शेवटी, आणि केवळ घरातील कोणाला तिची चिंता वाटली म्हणून.

ती आली तेव्हा गाईचे शास्त्र तिच्या फारसे कामास येईना. मांजर ही निखालस मांसाहारी. टॉरिन नावाचे द्रव्य तिला आपल्या देहात पुरेसे घडविता येत नाही, ते अन्नातूनच मिळावे लागते. त्याच्या अभावी तिची दृष्टी जाते हे १९७५ मध्ये, आणि हृदय दुर्बळ होऊन पसरते हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. ज्या घरांत मांजरीला दूधभातावर राखीत, तेथे तिला जगविणारी गोष्ट वाटीतला भात नसून कोठारातला उंदीर होता. तिला गोडाची चवच नसते, हे तिच्या जनुकांतील दोषावरून २००५ साली उलगडले. म्हणजे गुळाच्या खड्याने बैल वश होईल, मांजर होणार नाही. उलट मासळीच्या या मुलखात हेही सांगावे लागते की, काही जातींचे कच्चे मासे नित्य व पुष्कळ घातले तर त्यांतील एक द्रव्य ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते. आणि सर्वांत कठीण गोष्ट अशी की, थोडे दिवस उपाशी राहिलेल्या मांजरीच्या, विशेषतः लठ्ठ मांजरीच्या, यकृतात तिच्याच अंगची चरबी साठून ते निकामी होऊ लागते. भूक लागली की खाईल आपोआप, हे घरातल्या वडीलधाऱ्यांचे वचन इतर प्राण्यांच्या बाबतीत पुष्कळदा खरे ठरले तरी या एका प्राण्याच्या बाबतीत घातक ठरते.

म्हणून दवाखान्यात पशुवैद्याच्या हाताखाली काम करणाऱ्याला जी विद्या प्रथम शिकावी लागते, ती आर्जवाची. बैलाला वेसण धरून, नळीने औषध पाजता येते. मांजरीवर जबरदस्ती केली की ती पुष्कळदा त्या अन्नाचाच तिटकारा धरते, आणि आवडत्या घासात कडू गोळी लपविली तर घासही जातो व विश्वासही. प्रथम दात, हिरड्या, मळमळ यांची तपासणी. नाक चोंदले असेल तर ते पुसणे, कारण वास आला नाही तर तिच्या लेखी अन्नच नाही. मग कांदा, लसूण, मीठ न घालता उकडलेली कोंबडी किंवा काटे काढलेला मासा अंगाइतका कोमट करून पसरट वाटीत, अगदी बोटभर ठेवावा. पिंजऱ्यावर फडके टाकावे, कुत्र्यांचे भुंकणे दूर ठेवावे, रश्श्याचे एक बोट तिच्या पुढच्या पंजाला लावावे, कारण स्वच्छतेच्या सवयीने ती पंजा चाटते आणि चव आपोआप जिभेवर जाते. एवढे करून तिच्याकडे टक लावून पाहू नये. नाहीच खाल्ले, तर पिचकारी आणि नळी आहेतच. पण ते पशुवैद्याने ठरवावयाचे.

पागेच्या दप्तरात हुकूम होते, ताकीद होती. येथे मदतनीस दर दोन तासांनी आपला अर्ज वाटीत घालून पुढे करतो आणि नामंजूर झालेला अर्ज उचलून नेतो. या रुग्णाकडून सरकारास काही येणे नाही, विक्रीची किंमत नाही, दुधाचा हिशेब नाही. चौथ्या-पाचव्या खेपेस फडक्याआड वाटी सरकल्याचा बारीक आवाज येतो, आणि बाहेर बाकावर बसलेली आजी, जिच्या माहेरी आयुष्यभर शिंके टांगलेले होते, ती नातवाच्या हातावर हात ठेवून म्हणते, “हलू नकोस रे बाबा, खाऊ दे तिला.”