लूसीबाई, मार्माइट आणि आमच्या घरातली गोळी

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. तिला तिसरा महिना आहे. म्हणाली, "आजोबा, फोलिक अ‍ॅसिडची गोळी घेऊ की नको? एक जण म्हणतो घ्या, दुसरा म्हणतो नको. या विज्ञानावर विश्वास ठेवायचा तरी किती?"

मी पडलो इतिहासाचा मास्तर. तेव्हा तिला इतिहासच सांगितला.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा पंडुरोग होत असे. बाईंनी त्या काय खातात ते पाहिले. यीस्टच्या अर्काने, म्हणजे पावाला लावायच्या मार्माइटने, रुग्ण सुधारू लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी ते छापले. पण अर्कात नेमके काय आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हते! १९४१ साली पालकाच्या पानांतून निघालेल्या द्रव्याला फोलिक अ‍ॅसिड नाव मिळाले. पुढे १९९१ च्या मोठ्या चाचणीत दिसले की, गर्भ राहण्याआधीपासून ते घेतले तर बाळाच्या मेंदू-मणक्याचे जन्मजात दोष पुष्कळ टळतात. हे ज्ञान पक्के.

आता दुसरी बाजू. १९४० च्या दशकातच डॉक्टरांना कळले होते, की एका प्रकारच्या पंडुरोगात फोलिकने रक्त सुधारते, पण नसांची हानी चालूच राहते. कारण खरी उणीव असते बी-१२ ची. ते १९४८ साली सापडले.

आणि आपल्या पुण्यात? केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक जणींत बी-१२ कमी, फोलेटची वाण मात्र जवळजवळ कुणालाच नाही. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारी लक्षणे अधिक दिसली. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात हा 'संबंध' आहे, कारण सिद्ध झाले असे नव्हे. वर्गात हा फरक मी जन्मभर शिकवला...

आणि घरीच विसरलो. आमची सौ. शुद्ध शाकाहारी. थकवा येतो म्हणून मीच दुकानातून फोलिकच्या गोळ्या आणून देत असे. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, मी खूश! तळपायाला मुंग्या येतात म्हणायची, तर मी म्हणे, वयाचे आहे. बी-१२ तपासले तोवर उशीर झाला होता. आजही ती काठीशिवाय गोदाघाटाच्या पायऱ्या उतरत नाही. कधी बोलून दाखवत नाही, हे जास्त लागते.

विज्ञान चुकले नव्हते. अर्धे वाचून पूर्ण समजल्याचा आव मी आणला.

नातीला म्हटले, "बाळा, डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नकोस. फक्त बी-१२ तपासायचे का, ते त्यांना विचार."

ती "बरं आजोबा" म्हणाली. सौ. शेजारीच बसून ऐकत होती. म्हणाली, "आता बरोबर सांगितलंत."

असो.