मुलताईवरून परतलेली स्वारी

नरखेड तालुक्याच्या पश्चिम कडेनें वर्धा नदी वाहते. मोवाडहून तिच्या काठानें उगमाकडे चढत गेल्यास सातपुड्याचें पठार लागतें. तेथें मुलताईच्या मुलखांत वर्धेचा उगम आहे, आणि खुद्द मुलताई गांवांत तापीचें कुंड. उंचवटा एकच, पण एक पाणी गोदावरीच्या वाटेनें पूर्वसमुद्रास जातें व दुसरें पश्चिमसमुद्रास. श्रोत्यांनीं हा नकाशा डोळ्यांसमोर ठेवावा. कारण १८५८ च्या नोव्हेंबरांत तात्या टोपे याच उंचवट्यावर येऊन ठेपले होते.

त्या वर्षीं जूनमध्यें ग्वाल्हेर पडलें. ऑगस्टमध्यें बनासकांठीं पराभव झाला, सप्टेंबरांत माळव्यांतील राजगढास तोफा गेल्या. तरीहि रावसाहेब पेशव्यांना बरोबर घेऊन तात्यांनीं ऑक्टोबरअखेर होशंगाबाद व नरसिंहपूर यांच्या दरम्यान नर्मदा ओलांडली. नदी ही फौजेच्या वाटेंतील भिंत. उतार सांपडला तरच तिला दार. तें दार सांपडतांच मुंबई व मद्रास येथील सरकारांची झोंप उडाली, कारण नानासाहेबांचा पुतण्या आतां दक्षिणेच्या उंबरठ्यावर उभा होता.

मुलताईहून पांढुर्णा, नरखेड, काटोल अशी उतरती वाट नागपुरास जाते. आज आगगाडीहि याच गांवांवरून धांवते. फौजेस ही वाट थोड्या मजलांची होती. मग स्वारी खालीं कां उतरली नाहीं?

नागपुरास दुःख नव्हतें असें नाहीं. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारले आणि १८५४ सालीं डलहौसीनें राज्य खालसा केलें. राजवाड्यांतील जडजवाहीर, हत्ती, घोडे विकले गेले. १८५७ च्या जूनमध्यें टाकळीच्या रिसाल्यांत उठावाचा बेत शिजला, पण तो आधींच फुटला व स्वारांचीं हत्यारें काढून घेण्यांत आलीं. कामठीची मद्रासी पलटण इंग्रजांकडेच राहिली. शिवाय वयोवृद्ध बांकाबाईंनीं भोसल्यांच्या माणसांस शांत राहण्याची ताकीद दिली. बाईंना दोष देणें सोपें आहे. परंतु राज्य गेलेलें, खजिना गेलेला, आणि उरलेलें घराणें तेवढें वांचवावयाचें, असा त्यांच्यापुढें प्रश्न होता. घराणें वांचलें. दत्तक जानोजींस पुढें देऊरची जहागीर व राजेबहादूर हा किताब मिळाला.

जी ठिणगी १८५७ च्या उन्हाळ्यांत पडावयाची, ती दीड वर्षानें आली. तोंवर दारू भिजून गेली होती. ज्या १ नोव्हेंबरला राणीचा जाहीरनामा वाचला गेला, त्याच सुमारास तात्या दक्षिणेचा रस्ता शोधीत होते. नागपूरची वाट अडलेली पाहून ते पश्चिमेस तापीच्या खोऱ्यांत वळले. मेळघाटच्या खिंडींवरहि पहारे बसलेले होते. नोव्हेंबर संपण्यापूर्वीं त्यांना नर्मदा पुन्हा उत्तरेकडे ओलांडावी लागली, आणि डिसेंबरारंभीं छोटा उदेपूर येथें त्यांचा मोड झाला.

मानसिंगाच्या विश्वासघातानें तात्या सांपडले व १८ एप्रिल १८५९ रोजीं शिवपुरीस फांशीं गेले. रावसाहेबांस कानपुरास फांशीं दिलें, तें १८६२ च्या ऑगस्टांत.