सोपाऱ्याच्या अष्टमूर्ती : स्थान आणि संकेत

प्राचीन शूर्पारक म्हणजे आजचे पालघर जिल्ह्यातील सोपारे. तेथील एका मोठ्या टेकाडास स्थानिक लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. शूर्प म्हणजे सूप, आणि सुपे विणणारा तो बुरूड. तेव्हा ग्रामनामाच्या अर्थातूनच या लोककथेतील राजा जन्मास आला असावा. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी टेकाड खणले, तेव्हा तो कोट नसून बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले.

स्तूपाच्या गाभ्यात एक दगडी पेटी होती. तिच्या मध्यभागी तांब्याचा करंडक आणि त्याभोवती वर्तुळाकार मांडलेल्या आठ आसनस्थ कांस्यमूर्ती होत्या. करंडकात एकात एक ठेवलेले रुपे, पाषाण, स्फटिक व सुवर्ण यांचे करंडक होते; सर्वांत आतल्या सुवर्णकरंडकात मातीच्या भांड्याची तेरा लहान खापरे होती. ती बुद्धाच्या भिक्षापात्राची मानली गेली असावीत, असे अनुमान इंद्रजींनी केले.

या आठांपैकी सात मूर्ती बुद्धांच्या आहेत. उष्णीष, लांब कर्णपाळ्या व साधे चीवर ही लक्षणे त्यांना समान असून हस्तमुद्रांत मात्र भेद आहे. आठवी मूर्ती मुकुट व अलंकार धारण करते. ती मैत्रेयाची होय. तो भावी बुद्ध. अद्याप बोधिसत्त्व असल्यामुळे त्याचा राजवेष सुटलेला नाही. अलंकार हे येथे केवळ वैभवाचे चिन्ह नसून अपूर्ण कालाचे चिन्ह आहे.

उरलेल्या सातांची नावे कशी ठरवावीत? विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनी, काश्यप व शाक्यमुनी अशी सप्तबुद्धांची परंपरा आहे. केवळ मुद्रेवरून त्यांपैकी एकेकाची निश्चिती होत नाही; भूमिस्पर्शमुद्रा गौतमाच्या बोधिप्रसंगाची खरी, परंतु ती अन्य बुद्धांच्या मूर्तींतही आढळते. अजिंठ्याच्या बाविसाव्या लेण्यात चित्रकाराने प्रत्येक बुद्धास त्याचा बोधिवृक्ष दिला आणि खाली नाव लिहिले. सोपाऱ्यास असा आधार नाही. तेथे एकाच मूर्तीचा मुकुट आणि आठ ही संख्या यांवरून समूहाचा अर्थ लागतो. शब्दाचा अर्थ वाक्यातील स्थानाने निश्चित व्हावा, तसाच हा प्रकार आहे.

परंपरेचा क्रम मान्य केल्यास वर्तुळाच्या योजनेतून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. ओळीत मैत्रेय शेवटी येतो. वर्तुळात मात्र त्याच्या एका बाजूस शाक्यमुनी, तर दुसऱ्या बाजूस सर्वांत प्राचीन विपश्यी येतो. भविष्यकाळ भूतकाळास जाऊन मिळतो, आणि मध्यभागी पात्र राहते. पाचव्या शतकाच्या आरंभी सिंहलद्वीपास गेलेल्या फाहियानने एक श्रद्धा नोंदविली आहे : बुद्धाचे पात्र अखेर मैत्रेयाकडे जाणार असून भद्रकल्पातील सर्व बुद्ध तेच पात्र वापरतात. विपश्यी, शिखी व विश्वभू हे त्यापूर्वीच्या कल्पांतील असल्याने हा मेळ संपूर्ण नाही. तरीही खापरांभोवती मैत्रेयासह बुद्धमंडल मांडण्यामागे अशीच काही धारणा असणे संभवते.

कालनिर्णयात एक अडचण आहे. करंडकात यज्ञश्री सातकर्णीचे रौप्य नाणे मिळाले, म्हणजे मूळ निक्षेप दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीचा नव्हे. मूर्ती मात्र शैलीवरून साधारण आठव्या-नवव्या शतकांतील ठरतात. याचा अर्थ, कोणी तरी मागाहून स्तूप उघडून जुन्या करंडकाभोवती नव्या मूर्ती बसविल्या आणि तो पुन्हा बंद केला. त्या दर्शनासाठी नव्हत्या. गाडल्यावर त्या कोणासही दिसणार नव्हत्या. त्यांचा संकेत प्रेक्षकासाठी नसून धातूच्या सन्निधीसाठी होता.

हा ठेवा आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. मूर्ती शिल्लक असल्या, तरी त्यांचे वर्तुळ स्तूपाबाहेर येताच मोडले. ते आज इंद्रजींनी मूर्ती उचलण्यापूर्वी टिपलेल्या नोंदीतच उरले आहे. ज्या कांस्यमूर्तींची स्थाननोंद न होताच त्या संग्रहांत गेल्या, त्यांच्या मुद्रा वाचता येतात. त्यांचे वाक्य मात्र कायमचे हरवलेले असते.