स्वस्त नकली मालापुढे प्रामाणिक ऑनलाइन विक्रेत्यानं टिकायचं कसं? जाणून घ्या सविस्तर

तळोजा : एप्रिल उजाडला की मोबाईलवर एकच जाहिरात फिरू लागते. 'अस्सल देवगड हापूस, घरपोच, आजच बुक करा.' भाव असा की खुद्द बागायतदारालाही परवडणार नाही. तळोजा फेज १, फेज २, खारघर, कामोठे इथल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर ही जाहिरात पोचते आणि बागेतून माल आणून विकणाऱ्या गावच्या पोराला एकच प्रश्न ऐकावा लागतो, "तो एवढ्यात देतो, मग तुमचाच भाव एवढा का?"

हा प्रश्न आंब्यापुरता नाही. अलिबागचा पांढरा कांदा, घरगुती मसाला, कोल्हापुरी चप्पल, पैठणी, मोबाईलचा चार्जर, प्रत्येक ठिकाणी अस्सलच्या शेजारी नकली उभा आहे. ऑनलाइन विक्रीत ग्राहक माल हातात घेऊन बघू शकत नाही, वास घेऊ शकत नाही. त्याला दिसतो फक्त फोटो आणि भाव. फोटो चोरता येतो, मग उरतो भाव.

नकली म्हणजे नेमकं काय?

तक्रार कुठे करायची हे नकलीच्या प्रकारावर ठरतं, म्हणून आधी प्रकार ओळखावा.

पहिला प्रकार, दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव किंवा चिन्ह वापरणं. इथे ट्रेडमार्क कायदा १९९९ लागतो. दुसरा, गावाचं किंवा प्रदेशाचं नाव खोटं लावणं, म्हणजे परराज्यातला आंबा 'देवगड' म्हणून विकणं. जे नाव भौगोलिक मानांकन (जीआय) म्हणून नोंदलेलं आहे, त्याला १९९९ चाच जीआय कायदा संरक्षण देतो. तिसरा, मालातच भेसळ. हा विषय अन्न सुरक्षा कायद्याचा. चौथा, दुसऱ्या विक्रेत्याचे फोटो उचलून आपल्या मालाला लावणं. फोटो काढणाऱ्याचा त्यावर कॉपीराइट असतो आणि त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागत नाही.

स्वस्त देऊनही नफा जास्त कसा?

समजण्यापुरता एक हिशेब धरू. प्रामाणिक विक्रेत्याला एक डझन आंबा बागेतून ५०० रुपयांना पडला. पेटी आणि गवत ४०, गाडीभाडं ४०, घरपोच ६०, खराब निघालेलं फळ बदलून देण्यासाठी ४०. झाले ६८०. त्यानं ७५० ला विकला तर हातात ७० रुपये.

नकली विकणारा बाहेरचा आंबा २५० ला उचलतो. पेटी, भाडं, घरपोच तेवढंच, म्हणजे १४०. खराब फळ बदलून द्यायचा प्रश्नच नाही, कारण तक्रार आल्यावर तो नंबर ब्लॉक करतो. एकूण ३९०. तो ५०० ला विकतो आणि ११० रुपये कमावतो. भाव अडीचशेनं कमी, तरी नफा जास्त!

म्हणून भाव पाडून त्याच्याशी झुंजण्यात अर्थ नाही. विक्रेता ७५० वरून ६५० वर आला तरी नकलीवाला दीडशेनं खालीच राहतो आणि प्रामाणिक माणूस प्रत्येक डझनामागे ३० रुपये घालवतो. हंगाम संपेपर्यंत भांडवल संपलेलं असतं.

अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हेच मांडलं होतं. चांगली गाडी कुठली आणि खटारा कुठला हे गिऱ्हाइकाला कळत नसेल, तर तो चांगल्या गाडीलाही पूर्ण भाव द्यायला तयार होत नाही. मग चांगली गाडीवाले बाजारातून बाहेर पडतात आणि खटारेच उरतात. पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी. त्यातून निघणारा धडा साधा आहे : अस्सल आणि नकली यातला फरक ग्राहकाला दिसेल असं काहीतरी करावं लागतं, आणि ते नकलीवाल्याला सहज जमणार नाही असं हवं.

देवगड आणि कोल्हापूरनं काय केलं?

ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला जीआय मिळालं. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर खास स्टिकर लावायला सुरुवात केली. प्रत्येक स्टिकरचा नंबर वेगळा. त्याचा एक भाग वर दिसतो, दुसरा स्टिकरच्या आत लपलेला असतो. ग्राहकानं स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि नंबर जुळतो का ते बघायचं. स्टिकर काढला की फाटतो, म्हणून दुसऱ्या फळाला चिकटवता येत नाही. बागायतदाराला स्टिकर मिळतात ते त्याच्या झाडांच्या हिशेबानं. नुसतं 'अस्सल' असं छापलेलं लेबल कोणीही छापून घेईल, पण झाडांपेक्षा जास्त स्टिकर आणणार कुठून?

कोल्हापुरी चपलेच्या जीआयमध्ये महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मिलानमधल्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि मोठा वाद झाला. त्याच सुमारास राज्याच्या चर्मोद्योग महामंडळाचा (लिडकॉम) क्यूआर कोडचा उपक्रम समोर आला. कोड स्कॅन केला की चप्पल कोणत्या कारागिरानं, कुठे बनवली ही माहिती मिळते.

पनवेलच्या विक्रेत्यानं काय करावं?

१) आपलंच नाव वापरावं. हापूसच्या जीआयमध्ये सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर असे पाच जिल्हे आहेत. म्हणजे रायगडचा हापूसही मानांकनातला हापूसच. पण त्याला 'देवगड' म्हणून विकणं ही फसवणूक झाली. चार पैसे जास्त मिळतील म्हणून दुसऱ्या गावाचं नाव लावणारा उद्या नकलीवाल्याविरुद्ध कुठल्या तोंडानं तक्रार करणार?

२) अधिकृत वापरकर्ता व्हावं. जीआय मिळालं म्हणून प्रत्येक शेतकरी आपोआप अधिकृत होत नाही. वैयक्तिक नोंदणी करावी लागते. शुल्क नाममात्र आहे. अर्ज चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाकडे जातो. तालुका कृषी अधिकारी किंवा ज्या संस्थेच्या नावे मानांकन आहे तिच्याकडे चौकशी करावी. खंडाळे, कार्ले, नेहुली भागातल्या पांढऱ्या कांद्याच्या उत्पादकांनाही हेच लागू आहे.

३) ब्रँडची नोंदणी करावी. मसाला, लोणचं, पापड विकणाऱ्यांनी स्वतःचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवावं. वैयक्तिक अर्जदार आणि छोट्या उद्योगांना ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये फी आहे. नोंदणी १० वर्षं टिकते आणि पुढे नूतनीकरण होतं. मोठ्या शॉपिंग ॲपवर कोणी आपलं नाव वापरलं तर हे प्रमाणपत्र तक्रारीला जोडता येतं.

४) परवाना दाखवावा. खाण्याच्या वस्तूवर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर हवा. पाकिटावर वजन, किंमत, तारीख, पूर्ण पत्ता हवा. नकलीवाला पत्ता देत नाही, हाच मोठा फरक आहे. जीएसटी नंबर नसलेल्या छोट्या विक्रेत्यांनाही १ ऑक्टोबर २०२३ पासून ई-कॉमर्स कंपन्यांमार्फत माल विकता येतो. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर वेगळा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि विक्री राज्याच्या आतच करावी लागते.

५) पुरावा मालाबरोबर द्यावा. पेटीवर बाग, गाव, तोडणीची तारीख आणि पेटीचा नंबर लिहावा. तोडणीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ त्याच दिवशी पाठवावा. 'खराब फळ २४ तासांत फोटो पाठवून बदलून मिळेल' असं लेखी द्यावं आणि ते पाळावं. असं वचन पाळायला पैसे लागतात, म्हणूनच नकलीवाला ते देत नाही.

६) भाव नको, नग कमी करावा. पूर्ण डझन परवडत नसेल त्याला अर्धा डझन द्यावा. एकदा चव कळली की गिऱ्हाईक परत येतं. नकलीवाल्याला दरवेळी नवीन माणूस शोधावा लागतो. तळोज्यातल्या विक्रेत्याचं घर गिऱ्हाइकापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. 'घरी येऊन बघा' असं तो म्हणू शकतो.

७) खोटे रिव्ह्यू टाकू नयेत. ई-कॉमर्स नियम २०२० नुसार विक्रेत्यानं ग्राहक बनून स्वतःच्या मालाचं कौतुक लिहिणं मना आहे.

८) एकत्र यावं. स्टिकर, क्यूआर, ट्रेडमार्क हे एकट्याला जड जातं. बचत गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीनं केलं तर खर्च वाटला जातो आणि लबाडी करणाऱ्या सभासदावर लक्षही राहतं. एकानं जरी बाहेरचा माल मिसळला, तरी सगळ्यांचं नाव जातं.

नकली सापडलं तर?

आधी पुरावा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, लिंक, विक्रेत्याचं नाव जपून ठेवावं. शक्य असल्यास एक नग मागवावा, बिल घ्यावं आणि पाकीट उघडतानाचा सलग व्हिडिओ काढावा. मग ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर देणं बंधनकारक आहे. ग्राहकाच्या तक्रारीची पोच त्यानं ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याच्या आत निवारण करायचं असतं.

ट्रेडमार्क किंवा जीआयच्या खोट्या वापराला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. झडती आणि जप्तीचे अधिकार पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आहेत. नकली माल परदेशातून येत असेल तर ब्रँडचा मालक २००७ च्या नियमांनुसार कस्टम्सकडे आपला हक्क नोंदवू शकतो. मग न्हावा शेवासारख्या बंदरातच संशयित माल अडवता येतो.

कारवाई होत नाही असंही नाही. मार्च २०२५ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं (बीआयएस) दिल्लीत एका बड्या ई-कॉमर्स कंपनीच्या गोदामावर छापा टाकून साडेतीन हजारांहून अधिक वस्तू जप्त केल्या. त्यांच्यावर आवश्यक आयएसआय चिन्ह नव्हतं किंवा खोटं होतं.

हे नंबर सेव्ह करून ठेवा

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र (भेसळीची तक्रार) : १८०० २२२ ३६५
आगाऊ पैसे घेऊन माल दिलाच नाही तर सायबर हेल्पलाइन : १९३०
आयएसआय चिन्ह किंवा सोन्याचा हॉलमार्क तपासायला : बीआयएस केअर ॲप

फसलेल्या ग्राहकाला ग्राहक आयोगातही जाता येतं. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. बिल नसेल तर मात्र तक्रार लंगडी पडते. म्हणून विकणाऱ्यानं बिल द्यावं आणि घेणाऱ्यानं ते मागून घ्यावं. बिल द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.